बाबांच्या वासाची वाफ

"इनके फेफड़ों में तेल है," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

"कौन सा?" मी विचारलं.

किराणा दुकानात उभी असल्यासारखी विचारत होते मी, सोयाबीन की शेंगदाणा. आज त्याचं हसू येतं. त्या दिवशी मॅडम हसल्या नाहीत. "तेच तर आम्हाला तुमच्याकडून कळायला पाहिजे," त्या म्हणाल्या. त्या हिंदीत बोलत होत्या, मी इथे मराठीत लिहितेय.

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. एक्झोजीनस लिपॉइड न्यूमोनिया. एक्झोजीनस म्हणजे बाहेरून आलेला, लिपॉइड म्हणजे तेला-तुपासारख्या पदार्थाचा. न्यूमोनिया जंतूंमुळे होतो एवढंच मला ठाऊक होतं. हा जंतूंचा नव्हता. श्वासावाटे तेल आत गेलं की फुफ्फुसाला ते पचवता येत नाही आणि बाहेरही टाकता येत नाही. फुफ्फुसाची साफसफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात आणि फुगून तिथंच बसून राहतात. माझ्या नवऱ्याच्या फुफ्फुसातून काढलेल्या पाण्यात अशा पेशी सापडल्या होत्या.

"तेल कुठलं आणि आत गेलं कसं, हे कळलं तर औषध ठरवता येईल," मॅडम म्हणाल्या. "यात स्टेरॉइड द्यावं लागतं. पण मागे एखादं इन्फेक्शन लपलेलं असेल तर स्टेरॉइडनं ते भडकेल. काहीच कळलं नाही तर फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासावा लागेल. त्यांच्या आजच्या अवस्थेत मला ते करायची भीती वाटते."

डॉक्टरांच्या तोंडून भीती हा शब्द ऐकला की पायाखाली काय होतं, ते ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. ज्यांनी नाही ऐकला, त्यांच्यासाठीच मी हे लिहितेय.

मी ज्योती. रायपूरला लागून बीरगांव आहे, तिथं घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्युटी पार्लर आहे. माहेर गोंदियाचं. सासरचे मूळ वर्ध्याकडचे, सासरे रेल्वेच्या वर्कशॉपात लागले आणि इथलेच झाले. नवरा विलास जवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत, लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये क्वालिटीचं काम बघतो. घरात मी त्यांना अहो-जाहो करते. लिहिताना मात्र विलास म्हणणार आहे, कारण अहो म्हणत नीट रागावता येत नाही.

सुरुवात खोकल्यानं झाली. आता बीरगांवात खोकला ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी बोटानं नाव लिहावं एवढी काळी धूळ बसते. सगळा पारा खोकतो (मोहल्ल्याला इकडे पारा म्हणतात), त्यात एक विलास. पाऱ्यातल्या डॉक्टरांनी कफ सिरप दिलं. ते संपलं, दुसरं दिलं. मग संध्याकाळचा ताप यायला लागला, पँट कमरेवरून घसरायला लागली, आणि पाण्याची बादली उचलून आणली की हा माणूस बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून राहायचा.

छातीचा एक्स-रे काढला. दोन्हीकडे खाली पांढरे डाग. मिलमध्ये काम म्हटल्यावर कुणी म्हणालं धुळीचा आजार, कुणी म्हणालं टीबी. थुंकी तपासली, टीबीचे जंतू नव्हते. पुन्हा तपासली, तेव्हाही नव्हते. तरी नात्यातल्या एका बाईनं आमच्याकडे चहा घ्यायचं टाळलं. मी तिच्या भुवया करायचं टाळलं.

एका सकाळी डबा भरून हातात दिला आणि विलासला चप्पल घालता येईना. वाकला की दम लागत होता. मुलीनं, समीक्षानं, शेजारून ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणलं. रक्तात ऑक्सिजन किती आहे ते त्यात दिसतं. नव्वदीच्या बराच खाली आकडा आला. समीक्षा म्हणाली, "मम्मी, ये मशीन खराब है." मग तिनं ते स्वतःच्या बोटाला लावलं. मशीन चांगलं होतं.

त्या दिवशी दुपारी आम्ही हॉस्पिटलात होतो. आधी एचआरसीटी झालं, म्हणजे छातीचे आडवे काप घेतल्यासारखे बारीक फोटो. मग ब्रॉन्कोस्कोपी. नाकातून बारीक दुर्बीण फुफ्फुसापर्यंत नेतात, थोडं मिठाचं पाणी सोडतात आणि ते पुन्हा ओढून घेऊन तपासायला पाठवतात. विलासला हाय फ्लो ऑक्सिजन लावला होता. नाकात दोन जाड नळ्या, त्यातून सतत गरम ओली हवा. त्या आवाजात त्याचं बोलणं ऐकायला मला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागायचा.

त्या पाण्याच्या रिपोर्टातून तेल निघालं, ते वर सांगितलं. मॅडम त्याच्या खाटेशी आल्या आणि एकेक विचारत गेल्या. नाकात तेल घालता का? रात्री झोपताना तूप? पोट साफ व्हायला पॅराफिन पिता का? मिलमध्ये तेलाचा फवारा उडतो का? विलास मान हलवून नाही म्हणत होता. शेवटी त्यांनी विचारलं, "ई-सिगरेट? वेप?"

विलासनं मान हलवली. नाही.

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, पोलिसांना भितो. या वस्तूंच्या विक्रीला बंदी आहे, त्यानं वेपचं यंत्र कुणाकडून तरी गुपचूप घेतलं होतं. मी बोलणार होते, पण माझीही जीभ अडली. कारण त्या वाफेत जे ग्लिसरीन जायचं, ते माझ्या पार्लरच्या कपाटातलं होतं.

ही वाफ घरात कशी आली, ते आता सांगायला हवं.

माझे सासरे, म्हणजे बाबा, तंबाखूचे शौकीन. तळहातावर चुन्यासोबत मळायचे, दोन थापट्या मारायचे आणि ओठाखाली ठेवायचे. पण नुसती तंबाखू त्यांना चालायची नाही. गोल बाजारातून हिना अत्तराची छोटी बाटली आणायचे. सकाळी अत्तराचा फाया कानात, आणि तेच अत्तराचं बोट तंबाखूच्या डबीतून फिरवायचं. कडवट तंबाखू, चुना आणि हिना, असा एक वास घरात त्यांच्या आधी शिरायचा आणि ते गेल्यावरही बसून राहायचा. मला तो आवडायचा नाही. माझ्या गिऱ्हाइकांना वाटायचं, मी काही नवीन फेसपॅक आणलाय.

बाबांना तोंडाचा कॅन्सर झाला. शेवटी तोंड उघडत नव्हतं, नळीनं पातळ द्यावं लागायचं. ते गेले, आणि सासूबाईंनी विलासकडून वचन घेतलं. विलास सिगरेट ओढायचा. "तुह्या बापानं खाल्ली, तू ओढतं. दोघायले पोचवायची ताकद नाही माह्यात," त्या म्हणाल्या. विलासनं सिगरेट सोडली. खरोखर सोडली. त्या जागी महिन्या-दोन महिन्यांत ते यंत्र आलं, लठ्ठ पेनासारखं.

विकतचं लिक्विड महाग आणि बेभरवशाचं. विलास क्वालिटीवाला माणूस, त्याला प्रत्येक गोष्ट मोजून, ढवळून, स्वतः करून बघायची खोड. मोबाइलवर बघून तो घरीच बनवायला लागला. सुकी तंबाखूची पानं भिजवायची, मंद गरम करायची, गाळायची, पुन्हा गाळायची, ग्लिसरीनमध्ये मिसळून काळ्या बाटलीत मुरायला ठेवायची. लोणच्याची बरणी मी जितकी जपत नसेन तितकी तो ती बाटली जपायचा. आम्ही त्याला ओढणं म्हणतच नव्हतो. वाफ म्हणायचो. "वाफ घेतली का?" असं मी स्वतः विचारलंय. पार्लरवाली बाई मी, लोकांच्या चेहऱ्याला रोज वाफ देते. वाफेनं कुणाचं वाईट होत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

एका संध्याकाळी विलास आतल्या खोलीत वाफ घेत होता आणि सासूबाई दारात येऊन थांबल्या. त्यांनी हवेत वास घेतला.

"तुह्या बाबासारखा येऊन राहिला रे थोडा," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून तो खेळच सुरू झाला. खेळ म्हणू नये, पण दुसरा शब्द मला सापडत नाही. विलास शिफ्टवरून आला की दोघं मायलेक आतल्या खोलीत बसायचे. तो नवीन मिश्रण भरायचा, वाफ सोडायचा, त्या डोळे मिटून सांगायच्या. "नाही. हा नाही. तंबाखू हाय पण तो नाही." पुढच्या खेपेला पानं बदलायची. पुन्हा नाही. मी आतून पोळ्या लाटता लाटता ऐकायचे आणि चिडायचे. बाबांना घशातून पाणी उतरत नव्हतं ते दिवस मी बघितले होते, आणि हे दोघं त्याच तंबाखूचा वास शोधत बसले होते.

मग सासूबाईंनी आपली पेटी उघडली. बाबांच्या अत्तराची शेवटची बाटली त्यांनी न वापरता ठेवली होती. "हे टाकून पाह्य," त्या म्हणाल्या.

विलासनं थेंब टाकले, बाटली हलवली, यंत्रात भरली. मी पार्लर बंद करून आत येत होते. मधल्या दारातच माझे पाय थांबले. बाबा खोलीत होते. असं लिहिताना मला बरं वाटत नाही, पण डोळे मिटले असते तर मी शपथेवर सांगितलं असतं की ते खुर्चीत बसलेत. सासूबाई रडत होत्या आणि म्हणत होत्या, "आता आला."

आम्ही बौद्ध. आत्मा, भूत, श्राद्ध यातलं घरात काही नाही. बाबा तर अशा गोष्टींची खिल्ली उडवायचे. आणि तरी रोज संध्याकाळी आमच्या घरात एक मेलेला माणूस यायचा. सासूबाई त्या धुरकट हवेशी बोलायला लागल्या. आधी हळू, मग मोठ्यानं. भाजीचे भाव, नातेवाइकांची लग्नं. समीक्षानं आतल्या खोलीत अभ्यास करायचं बंद केलं. "मुझे वहाँ अच्छा नहीं लगता," एवढंच म्हणायची. विलासला एखाद्या दिवशी वाफ नको असायची, तो थकलेला असायचा. तर त्या म्हणायच्या, "घे ना रे जराशी. वाट पाहून राहिली मी." मग तो घ्यायचा. खोकला सुरू झाला तरी घ्यायचा.

आता पुन्हा हॉस्पिटल. मॅडमनी प्रश्न विचारले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, समीक्षाला त्याच्याजवळ बसवून मी घरी निघाले. माझ्या ग्लिसरीनची बाटली तपासायची होती. जुनी होती का, भेसळ होती का, त्यात कशाचं तेल होतं का, रस्ताभर हेच डोक्यात होतं. ई-रिक्षात शेजारच्या बाईनं विचारलं, "क्या हुआ दीदी?" मी म्हटलं, "कुछ नहीं," आणि रडायला लागले.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. उघडलं, आणि वास आला.

विलास हॉस्पिटलात. यंत्र त्याच्या बॅगेत, मी स्वतः ठेवलेलं. घरात वाफ घेणारं कुणी नाही. भर दुपारी खिडकीतून ऊन आलेलं, आणि बाबांचा वास एवढा दाट की मी नाक दाबलं. मी "बाबा?" म्हणाले. हो, म्हणाले. कुणी हसलं तरी चालेल.

सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. गॅसवर तवा. हातात विलासची ती काळी बाटली. तव्यावर थेंब टाकत होत्या, चर्र होऊन निळसर वाफ उठत होती, आणि त्या तिच्याकडे बघत उभ्या होत्या.

"आई! काय करून राहिल्या तुम्ही?"

"बोलावून राहिली त्याले," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला होता. "पोरगं तिथं मरून राहिलं, हा माणूस कुठी हाय?"

"आपण मानत नाही ना आई हे."

"नाही मानत. मले म्हाईत हाय." त्यांनी आणखी एक थेंब टाकला. "पण येते ना तो."

मी गॅस बंद केला. त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं. बाटली हातातून काढून घेतली तेव्हा ती उजेडात आली. खाली तपकिरी लिक्विड आणि त्यावर वेगळा, चकचकीत तवंग. रस्सा थंड झाल्यावर वर तेल येतं तसा. मी बाटलीकडे बघत राहिले.

"ते अत्तर हाय वरतं," सासूबाई म्हणाल्या. "हालवून घ्या लागते. विलास हालवूनच घेते."

माझं ग्लिसरीन खालच्या तपकिरीत केव्हाच विरघळलं होतं. वर तरंगत होतं ते माझं नव्हतं. त्या क्षणी मला किती सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच पुढच्या क्षणी ते कुणाचं होतं हे लक्षात आलं.

"आई, हे आणि अत्तराची बाटली मी नेते. डॉक्टरांनी मागितलंय."

"काहून?"

"ते सगळंच मागतात," मी म्हणाले.

मॅडमकडे जाण्याआधी मी विलासकडे गेले. समीक्षाला चहा प्यायला खाली पाठवलं. दोन्ही बाटल्या बॅगेतून अर्ध्या बाहेर काढून दाखवल्या. त्यानं डोळे मिटून घेतले. मी कान त्याच्या तोंडाशी नेला.

"मॅडमले नको दाखवू," तो म्हणाला. एका वाक्याला त्याला तीनदा थांबावं लागत होतं. "आईनं देल्लं हाय ते. तिले कळलं त ती जगन नाही."

म्हणजे याला माहीत होतं. तेल म्हटल्याबरोबर याच्या लक्षात आलं होतं. फुफ्फुसाचा तुकडा काढायला हा तयार होता, पण बाटलीचं नाव घ्यायला नव्हता. मला एवढा राग आला की नळ्या लावलेल्या माणसावर मी ओरडले. "अन् तुम्ही मेले त ती जगन का? घरात एक मेलेला माणूस सांभाळूनच थकली मी. आणखी एक मले नको!"

नर्स धावत आली. "भाभीजी, आराम से." मी तिची माफी मागितली. विलासची मागितली नाही. तो रडत होता, आणि त्या नळ्यांमध्ये माणसाला धड रडताही येत नाही. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मॅडमले सांग. पण आईले नको. कधीच नको."

मी हो म्हटलं.

मॅडमनी दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. मग मला समोर बसवून समजावलं. खरं अत्तर फार महाग असतं, बाजारातलं बरंचसं पॅराफिनसारख्या पातळ तेलात केलेलं असतं. कानात, कपड्यावर, मनगटावर लावायला त्यात काही वाईट नाही. पण त्या यंत्रातल्या तापलेल्या तारेवर त्याची वाफ होते, ती खोल आत जाते, तिथं थंड होते, आणि पुन्हा तेल होऊन चिकटते. "अत्तर सूँघने की चीज़ है," त्या म्हणाल्या. मी विचारलं, अत्तर नसतं तर चाललं असतं का? त्या जरा कडक झाल्या. घरी उकळलेल्या तंबाखूत निकोटीन असतंच, शिवाय पानाबरोबर आणखी काय उतरतं ते कुणालाच ठाऊक नाही. वाफ म्हटल्यानं ती वाफ होत नाही. पोलिसांचं विचारलं तर म्हणाल्या, "मैं डॉक्टर हूँ, थानेदार नहीं."

त्या संध्याकाळी स्टेरॉइड सुरू झालं. पुन्हा एकदा दुर्बीण घालून मिठाच्या पाण्यानं फुफ्फुस धुतलं, त्याला लॅव्हाज म्हणतात. तुकडा काढायची वेळ आली नाही. आठवडाभरात हाय फ्लो निघाला, साधी नळी आली. मग एका सकाळी विलासनं चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली आणि मी पॅसेजमध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. मला इतकं बरं वाटलं होतं.

तुमच्या घरात कुणाला असा खोकला असेल तर माझं एवढंच ऐका. डॉक्टरांना सगळं सांगा. जे तुमच्या लेखी ओढणं नाही, खाणं नाही, व्यसन नाही, ते तर आधी सांगा. आमचं तेच राहून गेलं होतं. मॅडमचे आणि त्या ओरडा ऐकलेल्या नर्सचे उपकार मी विसरणार नाही.

विलास घरी आला. ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं आणलं होतं, ते खाटेशी घरघरत होतं. सासूबाई त्याच्या पायाशी बसल्या आणि त्यांनी जे विचारायचं तेच विचारलं.

"काहून झालं रे हे? डॉक्टर काय म्हणे?"

विलासनं माझ्याकडे बघितलं. मला काही सुचायलाही वेळ नव्हता.

"ग्लिसरीन," मी म्हणाले. "माझ्या पार्लरचं. खराब होतं ते."

त्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तरी मले वाटतच होतं."

बाई मायेची खरी, पण तोंड सोडलं की सोडलं. सगळ्या पाऱ्याला कळलं की सुनेच्या ग्लिसरीननं पोरगा मरता मरता वाचला. विहारातल्या बायकांना कळलं, वर्ध्याच्या नातेवाइकांना फोनवर कळलं. माझी गिऱ्हाइकं कमी झाली. एक बाई फेशियलला आली आणि प्रत्येक बाटली हुंगून बघायला लागली. घरात मी चहा ठेवला तरी सासूबाई म्हणायच्या, "पाहून टाक बापा काय टाकतं ते." मी गच्चीवर जाऊन कपड्यांच्या दोरीशी भांडायचे. विलास दोनदा सांगायला निघाला होता, मीच त्याचा हात धरला. एकदा मी स्वतः सांगायला निघाले. त्या खाटेवर बसून विलासचा ऑक्सिजन बघत होत्या, चष्मा डोळ्याला चिकटवून, आकडा वाचता येत नसताना. मी परत फिरले.

वाफ गेली. यंत्र आणि बाटल्या मी हॉस्पिटलातच टाकून आले होते. सासूबाईंनी एकदा अत्तराची बाटली मागितली. मी म्हटलं, लॅबमध्ये राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी आतल्या खोलीत नुसत्या बसायच्या, दाराकडे तोंड करून. बाबांना मी घराबाहेर काढल्यासारखं वाटायचं मला. ज्या माणसाचा वास मला कधी आवडला नाही, त्याच्यासाठी मला अपराधी वाटायचं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

आणि तरी वास पूर्ण गेला नाही. घर रंगवलं, पडदे बदलले, तो तवासुद्धा मोडीत दिला. तरी कधी कधी, कपडे घडी करताना, पंखा लावताना, येतो. कडवट तंबाखू, चुना, हिना. विलासलाही येतो, मला कळतं, कारण तो बोलता बोलता थांबतो. आम्ही एकमेकांना विचारत नाही. विलासची फुफ्फुसं बरीच सुधारली आहेत. दर काही महिन्यांनी नळीत फुंकायची ती तपासणी असते, स्पायरोमेट्री, त्यात ताकद थोडी कमीच येते. जिना चढताना मध्ये थांबतो. मॅडम म्हणतात, एवढं राहील.

सासूबाई गेल्या हिवाळ्यात गेल्या. हृदय थकलं होतं. म्हणून हे आता लिहिता येतंय. शेवटी त्यांना त्याच हॉस्पिटलात ठेवलं होतं. एका सकाळी त्यांना जरा हुशारी वाटत होती, उशाला टेकून बसवलं होतं. मी केस विंचरत होते. विलास पायाशी उभा होता.

"ज्योती," त्या म्हणाल्या. एरवी मला नावानं हाक मारत नसत. "हात दे इकडं."

मी कंगवा ठेवला आणि हात दिला.

"ते गिलिसरीनचं मनात नको ठेवू. लय बोलली मी तुले, पाराभर सांगत फिरली. पण माफ केलं तुले मी. तूनं काही जाणून नाही केलं."

विलासचं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघून मान हलवली, एकदाच. त्यानं खाटेची दांडी घट्ट धरली आणि खिडकीकडे वळला.

"चुकलं आई माझं," मी म्हणाले. आणि मला रडू आलं. खोटं नव्हतं ते. इतक्या दिवसांचं काहीतरी सैल झालं, जणू मला खरंच त्या माफीची गरज होती.

त्यांनी माझा हात थोपटला.

"रडू नको, माय," त्या म्हणाल्या. "कोणाच्याबी हातून होते."